वाचवलेली दहा मिनिटं

माझी सवत लोखंडाची आहे. उंचीने माझ्यापेक्षा हातभर जास्त, रंगाने हिरवी, आणि तेल पाजल्याशिवाय जागची हलत नाही. बरण्यांची पत्र्याची झाकणं कापणारी प्रेस आहे ती. कारखान्याने तिला नंबर दिलाय, पण मी तिला सवतच म्हणते. माझा नवरा सकाळपासून दुपारपर्यंत तिच्यापाशी असतो, आणि नंतर मी जाते तेव्हा त्याच्या डोक्यात तिच्याशिवाय दुसरं काही शिल्लक नसतं.

एक आधीच सांगून ठेवते. नवऱ्याला मी तोंडावर अहो-जाहो करते आणि मनात अरे-तुरे. इथे मनातलं लिहितेय, तेव्हा इथे तो 'तो'च राहील.

एकाच मशीनवर आम्ही दोघं, तो पहिल्या शिफ्टला आणि मी दुसऱ्या. पूर्वी असं नव्हतं. दोघंही पहिल्या शिफ्टला होतो, तो प्रेसवर, मी पॅकिंगला. एकाच बसने जायचो, एकाच बसने यायचो, आणि येताना तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून डुलक्या काढायचा. मला तेव्हा राग यायचा. खांदा अवघडायचा ना. आता बसमध्ये शेजारची सीट रिकामी असली की मी त्या खांद्यावर उगाच पर्स अडकवून बसते.

मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून घरात सतत कुणीतरी लागतं. मी प्रेस शिकले आणि दुसरी शिफ्ट मागून घेतली. तो पहाटे निघतो तेव्हा मी झोपेत असते, मी परत येते तेव्हा तो घोरत असतो. आमच्या जाण्यायेण्याच्या मधल्या वेळात शेजारच्या काकू सासूबाईंपाशी येऊन बसतात. "माझं मेलीचं एक हाड मोडलं, आणि तुमच्या दोघांचे दिवस मोडले," असं सासूबाई म्हणतात. मी म्हणते, तसं काही नाही हो. पण तसंच आहे.

रविवारी सुट्टी असते की, असं कुणी म्हणेल. असते. रविवारी सासूबाईंची अंघोळ, आठवड्याच्या चादरी, नणंदेची फेरी, आणि जेवण झालं की नवरा जो आडवा होतो तो दिवेलागणीलाच उठतो. फोन म्हणाल तर आत न्यायला बंदी, आणि चहाच्या सुट्टीत लावला तरी तो फोनवर फक्त "हं" म्हणतो. मी घरातलं सगळं रामायण सांगायचं आणि पलीकडून "हं". त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान जेवायची घाई करत नाही.

तेव्हा आमच्यासाठी काय उरलं होतं, तर चार्ज द्यायची वेळ. पहिल्या शिफ्टने जायच्या आधी दुसऱ्या शिफ्टला मशीनचं काय चाललंय ते समोरासमोर सांगायचं, असा नियम होता. त्यासाठी दोन्ही शिफ्ट दहा मिनिटं एकत्र असायच्या. दिवसातून तेवढाच वेळ मला माझा नवरा उभा, जागा आणि डोळे उघडे असलेला मिळायचा.

आणि त्या दहा मिनिटांत तो काय बोलायचा? "डावीकडून पत्रा जरा सरकतोय. तेल दिलंय. तापली की आवाज बदलेल, बदलला की थांब, रेटत बसू नकोस. डाय पुसून घेतलाय. डावा हात मागे ठेव." बोलताना मशीनवरून हात फिरवायचा, माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. भोंगा झाला की "येतो" म्हणून चालता व्हायचा. मी दिवसभर मनात जुळवून आणलेलं सगळं तसंच तोंडात राहायचं. रोज चरफडत मी पहिलं झाकण कापायची.

त्याच सुमारास कारखान्यात नवे साहेब आले. कारखाना लीन करायचा म्हणाले. लीन म्हणजे सडपातळ, असं आम्हाला कुणीतरी सांगितलं, तेव्हा पॅकिंगमधल्या जाडजूड बायका घाबरल्या होत्या. पण साहेबांना माणसं नव्हती कमी करायची, वाया जाणारं कमी करायचं होतं. उगाच चालणं, उगाच थांबणं, उगाच उचलून ठेवणं. गिऱ्हाईक ज्याच्यासाठी पैसे मोजणार नाही ते सगळं वाया, असं ते सांगायचे. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवून घेतली, म्हणजे पाना जागेवर नसला की त्याची रिकामी जागा लांबूनही दिसावी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. आमच्या घरात कात्री सापडायची म्हणजे आधी तिघांशी भांडावं लागतं.

साहेबांची खरी हौस म्हणजे 'का' विचारणं. काही बिघडलं की ऑफिसात बसून कारण लिहायचं नाही, जिथे बिघडलं तिथे जायचं आणि पाच वेळा का विचारायचं. पहिलं कारण खोटं नसतं पण वरवरचं असतं, पाचव्यापर्यंत गेलं की मूळ सापडतं. आणि दोष माणसाचा धरायचा नाही, पद्धतीचा धरायचा. आम्ही त्यांना का-साहेब म्हणायला लागलो. त्यांना ते कळलं होतं आणि बहुतेक आवडलंही होतं.

त्यांनी सगळ्यांकडून सुधारणा मागवल्या. लहान असली तरी चालेल, रोजच्या कामातली हवी. मी विचार केला, दहा मिनिटं मशीनच्या बोलण्यात जातात, तर मशीनचं बोलणं एका मिनिटात उरकेल असं काही करावं. उरलेली नऊ मिनिटं माझी.

मग मी एक फळा केला. पत्र्यावर सवतीचं चित्र काढलं, अगदी हुबेहूब, आणि वेगवेगळ्या रंगांची लोहचुंबकाची बटणं केली. पत्रा सरकतोय तर डावीकडे पिवळं. तेल दिलं तर खाली निळं. डाय, म्हणजे झाकण कापणारा साचा, पुसला तर मध्ये पांढरं. आणि वरच्या कोपऱ्यात एक मोठं, सगळं ठीक असेल तर हिरवं, नसेल तर लाल. येणाऱ्याने नजर टाकली की कळलं पाहिजे. फक्त आवाजाचं काय करायचं ते मला सुचलं नाही. तापल्यावर बदलणारा आवाज कुठे आणि कसा दाखवायचा? आवाजाला बटण नव्हतं, म्हणून मी तो सोडून दिला.

नवऱ्याला फळा दाखवला. त्याने बराच वेळ चित्र बघितलं. "चांगलं काढलंस," म्हणाला. "हिचा कान जरा मोठा काढलायस." मशीनला कान असतो हे मला तेव्हा कळलं.

आणि काय सांगू, फळा चालला. तो बटणं लावून माझी वाट बघत उभा राहायचा, मी एक नजर टाकायची, आणि मग आम्ही दोघं पत्र्याच्या गठ्ठ्यापाशी नुसते उभे. पहिल्या दिवशी बोलायलाच सुचेना. लग्न ठरवायला समोरासमोर बसवतात तसं झालं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, बसच्या टपावर एक मांजर बसून आलं, थेट आपल्या कोपऱ्यापासून. तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंनी काकूंना पत्त्यांत कसं लुबाडलं ते सांगितलं आणि तो हसला. त्याला हसताना बघून मला किती दिवस झाले होते ते मी मोजलं नाही, मोजलं असतं तर तिथेच रडले असते. एकदा त्याने माझ्या टोपीतून बाहेर आलेली बट आत सारली आणि म्हणाला, "इथे पांढरे झालेत तुझे." मी म्हटलं, "घरी दिसले नाहीत वाटतं." तो म्हणाला, "घरी अंधार असतो."

ते थोडे दिवस माझे फार सुखाचे गेले. पहाटे तो निघाला की मला झोपेतही बरं वाटायचं, दुपारी भेटायचंच आहे म्हणून.

एक दिवस का-साहेब आमच्यापाशी येऊन थांबले. आम्ही पत्र्याच्या गठ्ठ्यापाशी उभे होतो आणि मी नणंदेची नक्कल करत होते. त्यांनी फळा बघितला, घड्याळ बघितलं, पुन्हा फळा बघितला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हे मला मिठी मारणार. "ताई," म्हणाले, "चार्ज एका मिनिटात झाला?" मी मूर्ख, छाती फुगवून म्हटलं, एका मिनिटाच्याही आत.

महिन्याभरात सगळ्या खात्यांत माझ्यासारखे फळे लागले. कार्यक्रम झाला, मला स्टेजवर बोलावलं, टाळ्या पडल्या. आणि त्याच कार्यक्रमात वरच्या साहेबांनी जाहीर केलं की आता दोन शिफ्ट एकत्र असायची गरज उरलेली नाही. येणारे पुढच्या दाराने येतील, जाणारे मागच्या दाराने जातील. आतलं खातं रिकामं झालं की मगच पुढचं दार उघडेल, म्हणजे गर्दी नाही, धक्काबुक्की नाही, गप्पा नाहीत. फळा हिरवा असेल तर कुणी कुणासाठी थांबायचं नाही. फक्त लाल असेल तर थांबायचं आणि समोरासमोर चार्ज द्यायचा.

बक्षीस म्हणून मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आमचा वेळ ठेवून घेतला आणि घड्याळ हातात दिलं. नवऱ्याने ते घरी खिळा ठोकून लावलं आणि सरळ आहे का ते लांब जाऊन बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे हो. टिकटिक जरा मोठी आहे." दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दोन्ही कामं माझ्याच हाताने झाली होती.

त्यानंतर मी कारखान्यात जायची ती अशी. बसमधून उतरायचं, कपडे बदलायच्या खोलीत जायचं, निळा कोट घालायचा, केस टोपीत कोंबायचे आणि बाकावर बसून राहायचं. पुढच्या दाराला मोठी काच आहे, तिच्यातून आतलं दिसतं, पण मी तिकडे फिरकत नसे. काय बघायचं? सगळे निळे कोट, सगळ्यांच्या टोप्या सारख्या. आणि बघून मिळणार काय, दार तर उघडणार नाही. बाकी बायका काचेपाशी गप्पा मारायच्या, मी बाकावर बसून नखं बघत बसायची. दार उघडलं की आत जायचं. तोवर तो मागच्या दाराने गेलेला असायचा.

सवत मात्र जागेवर असायची. फळा हिरवा. स्टूल गरम. हँडलला त्याच्या हाताची ऊब, आणि फडकं त्याने घडी घालून ठेवलेलं, चौकोनी, टोकाला टोक जुळवून. मी स्टुलावर बसायची ती जरा घाईने, ऊब जायच्या आत. हे लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

रोज दार उघडताना मी मनात म्हणायची, आज लाल असू दे. मशीन बिघडू दे असं नाही, पण थोडं काहीतरी होऊ दे. एखादा बोल्ट. पण माझा नवरा कामाला असा चोख की सवतीला शिंकसुद्धा येऊ देत नसे. लालच लावायचं तर खोटंही लावता आलं असतं. ते त्याच्या स्वप्नातही येणार नाही, आणि आलं असतं तर मीच त्याला रागावले असते. तरी मला राग यायचा. वाटायचं, ह्याला चालतंय. ह्याला मी दिसले नाही तरी काही अडत नाही. रोज हिरवं बटण लावून जातो, आणि हिरवं म्हणजे भेटायची गरज नाही. हाच विचार मला खात होता. वेळ गेला याचं दुःख होतंच, पण त्याच्याही आत ते दुखत होतं, की वेळ गेल्याचं एकट्या मलाच दुःख आहे.

एका शनिवारी मी बाकावर बसले असताना दाराशी माझ्या मशीनचा नंबर पुकारला गेला. लाल आहे, लगेच आत या.

मला आधी आनंद झाला. एका पायात कारखान्याचा बूट, एका पायात चप्पल, तशीच उठले. आणि मग त्याचे हात डोळ्यांपुढे आले, प्रेसच्या खाली जाणारे. दुसरा बूट कसा घातला ते आठवत नाही.

हात शाबूत होते. तो सवतीपाशी उभा होता आणि पायाशी टोपलीभर झाकणं, सगळी एका कडेला चेपलेली. दुसऱ्या कुणाला ते मोठं वाटलं नसतं. पण त्याने इतक्या वर्षांत टोपलीभर कधी बिघडवली नव्हती. तो माझ्याकडे बघत नव्हता. का-साहेब आलेच होते, नेहमीसारखे हातात पेन धरून, आणि आसपासच्या मशीनवरचे दोघं-तिघं निघता निघता रेंगाळले होते.

"झाकणं का चेपली?" साहेबांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा, रागाचा नाही.

"पत्रा सरकला होता," नवरा म्हणाला.

"सरकलेला का कळला नाही?"

"कळतो. आवाज बदलतो. माझं ऐकायचं राहिलं."

"का राहिलं?"

"लक्ष दाराकडे होतं."

साहेबांनी पुढच्या दाराकडे वळून बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "दाराकडे का?"

नवऱ्याने फडकं उचललं आणि हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते. "हिची यायची वेळ झाली होती," तो म्हणाला.

रेंगाळलेल्यांपैकी कुणीतरी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही.

"ताई तर रोजच येतात," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा हळू झाला होता. पाचवं 'का' विचारायलाच हवं म्हणून विचारलं. "मग आजच का?"

"आजच नाही," तो म्हणाला. "रोजच बघतो. काचेपाशी बायका उभ्या असतात त्यात ही दिसते का म्हणून. दिसत नाही. मग भोंगा होतो आणि मी जातो. आज वाटलं, दिसेल, म्हणून जरा जास्त वेळ बघितलं. तेवढ्यात झालं." मग त्याला बहुतेक वाटलं की उत्तर पुरं झालं नाही, कारण तो कामात काही अर्धं ठेवत नाही. "हिची आठवण येते," तो म्हणाला. "घरात असते, तरी येते."

मी तिथे उभी होते, हाताच्या अंतरावर. इतके दिवस तो काचेकडे बघत होता आणि मी बाकावर बसून नखं बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी तिथेच होते, भिंतीच्या पलीकडे.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "चार्ज देऊन घ्या," म्हणाले. "लाल आहे. नियमाप्रमाणे समोरासमोर." आणि इतर सगळ्यांना मागच्या दाराकडे घेऊन गेले.

आम्ही दोघं उरलो. मी म्हटलं, "बोला." त्याने नेहमीसारखा मशीनवर हात ठेवला. "डावीकडून पत्रा सरकतोय. पट्टी बदलून घेतलीय, पण नवीन आहे, लक्ष ठेव."

"आणखी?"

"तेल दिलंय. तापली की आवाज बदलेल."

"कसा बदलेल?"

तो विचार करायला लागला. मग तोंडाने आवाज काढून दाखवला, आधीचा आणि नंतरचा. चाळिशीचा माणूस, टोपी घालून, मशीनचा आवाज काढत होता, आणि मला वाटलं, हे बोलणं मी वाया म्हणून काढून टाकलं होतं.

"आणखी?"

"बदलला की थांब. रेटत बसू नकोस."

"आणखी काय?"

"डावा हात मागे ठेव."

"हे तुम्ही रोज सांगायचात."

"रोजच सांगायला हवं," तो म्हणाला. "फळ्यावर त्याला बटण कुठे आहे?"

भोंगा झाला. तो "येतो" म्हणाला आणि मागच्या दाराने गेला. त्या संध्याकाळी मी एकही झाकण चेपू दिलं नाही.

चहाच्या सुट्टीत मी तरातरा साहेबांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "साहेब, सहावं 'का' विचारायचं राहिलं."

"पद्धत पाचाची आहे, ताई."

"तरी विचारा. चार्ज का बंद झाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या फळ्यामुळे," ते म्हणाले. चिडवायला नाही, नुसतं खरं होतं म्हणून. मग स्वतःहूनच त्यांनी सातवं विचारलं. "तुम्ही फळा का केला होतात?"

"ह्यांच्याशी बोलायला."

ते चहाच्या कपाची कड पुसत राहिले. "हे मला कुणी सांगितलं नाही," म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठे? काही बिघडलं की तुम्ही पाच वेळा का विचारता. सुधारलं की एकदाही नाही."

भांडायलाच गेले होते, पण ते भांडेनात. चार्जची वेळ परत आणणं त्यांच्या हातात नव्हतं, वरून मंजूर होऊन सगळीकडे लागू झालं होतं. टोपलीभर झाकणांवर उपाय म्हणून काहीतरी लिहायलाच लागणार होतं. "दुर्लक्ष असं लिहिलं असतं तर ठपका त्यांच्यावर आला असता," साहेब म्हणाले. "म्हणून जागेचा दोष लिहिलाय. मशीन आणि दार यांच्यामध्ये सोमवारी पडदा येईल. पत्र्याचा. म्हणजे लक्ष जाणार नाही." मी काही बोलायच्या आत त्यांनी खाली बघत पुढे सांगितलं, "खाली वीतभर जागा सोडायला सांगितलीय. झाडू फिरायला हवा."

मी परत येऊन मशीनवर बसले. आता कुठे मला काचेपाशी उभं राहायचं शहाणपण आलं होतं, आणि आता पडदा येणार होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते माझ्यासाठीच.

रविवारी नणंद आली नाही. आम्ही गच्चीवर चादरी पिळत होतो, एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"उद्या पडदा येणार आहे," मी म्हटलं.

"कळलंय."

"तरी मी काचेपाशी उभी राहणार आहे."

त्याने चादरीला आणखी एक पीळ दिला. "काय दिसणार?"

"काही नाही."

"हं," तो म्हणाला. जेवून आडवा झाला तो दिवेलागणीलाच उठला. घड्याळाची टिकटिक खरंच मोठी आहे.

सोमवारी मी बसमधून सगळ्यांच्या आधी उतरले. कोट अर्धवट घालतच काचेपाशी गेले. पॅकिंगवाल्यांनी सरकून जागा दिली, कुणी काही विचारलं नाही. शनिवारचं सगळ्यांना माहीत झालेलं होतं, कारखान्यात तेवढ्या एका गोष्टीला कुठलाच फळा लागत नाही.

आत निळा पडदा उभा होता. नवीन, सरळ, माणसापेक्षा उंच. सवत दिसत नव्हती, स्टूल दिसत नव्हतं, तो दिसत नव्हता. पडद्याच्या खाली वीतभर फट होती, आणि फटीत त्याचे बूट. मी ते ओळखले. डाव्या बुटाची नाडी मीच तुटकी जोडून दिली होती. बूट मशीनकडे तोंड करून होते, नीट, शेजारी शेजारी. तो काम करत होता. आवाज ऐकत असणार.

भोंग्याच्या जरा आधी प्रेस थांबली. मी बघत राहिले. आधी डावा बूट वळला, मग उजवा. दोन्ही बुटांची टोकं दाराकडे झाली आणि तशीच राहिली. त्याला पडद्याशिवाय काही दिसत नव्हतं, मी आलेय की नाही हेही कळायचा मार्ग नव्हता. तरी भोंगा होईपर्यंत तो माझ्याकडे तोंड करून उभा होता, आणि मी त्याच्याकडे.

मग बूट मागच्या दाराकडे गेले. पुढचं दार उघडलं. फळा हिरवा होता, फडक्याची घडी जागेवर होती, स्टूल गरम होतं. मी डावा हात मागे घेतला आणि सवत सुरू केली.